एचआयव्हीची औषधे आणि मूत्रपिंड : क्रिएटिनिनचा आकडा कसा वाचावा?

प्रस्तावना

भारतात आज सुमारे २५ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत आहेत. १९८६ मध्ये चेन्नईत देशातील पहिल्या एचआयव्ही संसर्गाची नोंद झाली, तेव्हा या विषाणूवर एकही मान्यताप्राप्त औषध नव्हते. १ एप्रिल २००४ रोजी केंद्र सरकारने एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारी औषधे, मोफत देण्यास सुरुवात केली. सुरुवातीच्या राज्यांत तामिळनाडू, कर्नाटक, मणिपूर, नागालँड यांच्याबरोबर महाराष्ट्रही होता. त्या काळी दिवसातून दोन वेळा गोळ्या घ्याव्या लागत. आज राष्ट्रीय कार्यक्रमातील बहुतेक प्रौढ रुग्ण दिवसातून एकच गोळी घेतात. तिला टीएलडी म्हणतात. तिच्यात टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधे असतात.

ही गोळी आयुष्यभर घ्यायची असते. पंचविसाव्या वर्षी उपचार सुरू केलेली व्यक्ती ती चाळीस-पन्नास वर्षे घेईल. त्यामुळे एखादा दुष्परिणाम क्वचितच होत असला किंवा अगदी हळूहळू होत असला, तरी त्याच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. मूत्रपिंडावरील परिणाम त्यांपैकीच एक आहे.

इथे एक अडचण आहे आणि हा पाठ मुख्यतः तिच्याविषयी आहे. टीएलडीमधील दोन औषधे मूत्रपिंडाशी निगडित आहेत, पण दोघांचा परिणाम पूर्ण वेगळा आहे. टेनोफोविर काही रुग्णांत मूत्रपिंडातील नलिकांना खरोखर इजा करते. डोल्युटेग्राव्हिर कोणतीही इजा न करता रक्तातील क्रिएटिनिन वाढवते. तपासणीच्या कागदावर मात्र क्रिएटिनिनचा एकच आकडा छापलेला असतो. तो नीट वाचता आला नाही, तर चांगले चाललेले औषध विनाकारण बंद होते किंवा सुरू झालेली इजा वेळेवर ध्यानात येत नाही. दोन्ही चुकांची किंमत रुग्णाला मोजावी लागते.

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता येतील

- औषधे मूत्रपिंडातून कोणत्या मार्गांनी बाहेर पडतात.
- टेनोफोविरमुळे नलिकांना इजा का होते आणि ती कशी ओळखतात.
- डोल्युटेग्राव्हिरमुळे क्रिएटिनिन का वाढते आणि त्याला इजा का म्हणत नाहीत.
- क्रिएटिनिनच्या आकड्यावरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता कशी काढतात.
- मूत्रपिंडाच्या भीतीने स्वतःहून गोळी बंद करणे का धोक्याचे आहे.

१. औषध मूत्रपिंडातून कसे बाहेर पडते?

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ असतो. त्यातून रक्त गाळले जाते. दिवसभरात असा सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, पण लघवी होते साधारण दीड-दोन लिटरच. बाकीचे पाणी, क्षार, ग्लुकोज आणि अमिनो आम्ले नलिकेतून परत रक्तात शोषली जातात. या पुनःशोषणाचा सर्वांत मोठा वाटा गुच्छाला लागून असलेल्या पहिल्या भागाचा, म्हणजे निकटस्थ नलिकेचा असतो. गाळलेल्या पाणी-मिठापैकी जवळपास दोन तृतीयांश आणि ग्लुकोज जवळजवळ सगळे याच भागात परत घेतले जाते. एवढ्या कामाला ऊर्जा भरपूर लागते, म्हणून या नलिकेच्या पेशी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात.

गाळण आणि पुनःशोषण यांच्या जोडीला तिसरी क्रिया असते, ती म्हणजे स्रवण. निकटस्थ नलिकेची पेशी काही पदार्थ रक्तातून स्वतः उचलते आणि लघवीच्या बाजूला सोडते. त्यासाठी पेशीच्या दोन्ही बाजूंना वाहक प्रथिने असतात. त्यांना आत येण्याचे आणि बाहेर जाण्याचे दार समजा. आपल्या विषयासाठी दोन मार्ग लक्षात ठेवावे लागतील.

- पहिला मार्ग, ऋणभारित पदार्थांचा : रक्ताच्या बाजूने ओएटी१ आणि ओएटी३ या वाहकांमधून आत, लघवीच्या बाजूने एमआरपी४ या वाहकातून बाहेर. टेनोफोविर या मार्गाने जाते.
- दुसरा मार्ग, धनभारित पदार्थांचा : रक्ताच्या बाजूने मुख्यतः ओसीटी२ या वाहकातून आत, लघवीच्या बाजूने मेट१ या वाहकातून बाहेर. क्रिएटिनिनचा काही भाग या मार्गाने जातो.

टेनोफोविर आणि क्रिएटिनिन एकाच पेशीतून जातात, पण त्यांची दारे वेगळी आहेत. पुढचे सगळे विवेचन या एका वाक्यावर आधारलेले आहे.

२. टेनोफोविर : इजा का होते?

टेनोफोविर हे न्यूक्लिओटाइडसारखे दिसणारे औषध आहे. विषाणूचा रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हा विकर नवीन डीएनए साखळी बांधताना त्याला खरा घटक समजून साखळीत बसवतो. पण टेनोफोविरला पुढची कडी जोडण्याची सोयच नसते, त्यामुळे साखळी तिथेच तुटते.

या कुळातील औषधे प्रागचे रसायनशास्त्रज्ञ अँटोनिन होली आणि बेल्जियमचे विषाणुशास्त्रज्ञ एरिक डी क्लर्क यांच्या सहकार्यातून पुढे आली. या कुळाचा मूत्रपिंडाशी असलेला संबंध सुरुवातीपासूनच माहीत होता. सिडोफोविर हे त्यातले एक औषध. ते देताना प्रोबेनेसिड नावाचे दुसरे औषध बरोबर द्यावे लागते. प्रोबेनेसिड ओएटी वाहक रोखते, त्यामुळे सिडोफोविर नलिकेच्या पेशीत साठत नाही. दुसरे औषध ॲडेफोविर. एचआयव्हीसाठी त्याची रोज १२० मिलिग्रॅम मात्रा तपासली गेली, पण मूत्रपिंडावरील परिणामांमुळे १९९९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने त्याला अनुकूलता दिली नाही. हेच औषध २००२ मध्ये हिपॅटायटिस बीसाठी रोज फक्त १० मिलिग्रॅम मात्रेत मंजूर झाले. औषध पेशीत किती साठते यावर इजा अवलंबून असते, हे या दोन उदाहरणांतून स्पष्ट होते.

टेनोफोविर या दोघांपेक्षा बरेच सुरक्षित ठरले. २००१ मध्ये टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल फ्युमरेट या रूपात त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. पोटात घेतलेले हे रूप आतडे आणि रक्त यांतच फुटते आणि मोकळे टेनोफोविर रक्तात फिरते. ते गाळण आणि स्रवण अशा दोन्ही क्रियांनी मूत्रपिंडातून बाहेर पडते. रक्तातील पातळी वाढली किंवा लघवीच्या बाजूचे एमआरपी४ दार अपुरे पडले, की नलिकेच्या पेशीत औषध साठू लागते. अशा रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या बायोप्सीत निकटस्थ नलिकेतील तंतुकणिका फुगलेल्या आणि वेड्यावाकड्या आकाराच्या दिसतात. सर्वांत जास्त ऊर्जा लागणाऱ्या पेशीचे ऊर्जाकेंद्रच बिघडले, तर तिचे काम थंडावणार हे ओघाने आलेच.

हे किती जणांत होते? बहुसंख्य रुग्णांना वर्षानुवर्षे काहीही त्रास होत नाही. गाळणाच्या वेगात होणारी सरासरी घट थोडी असते. पुढे वर्णन केलेला नलिकेचा गंभीर बिघाड शंभरात एकापेक्षाही कमी रुग्णांत दिसतो. पण लाखो लोक हे औषध घेतात, तेव्हा शंभरात एकापेक्षा कमी म्हणजेही हजारो माणसे होऊ शकतात.

३. फँकोनी संलक्षण : नलिका गळू लागते तेव्हा

निकटस्थ नलिकेचे पुनःशोषण एकूणच कोलमडते, त्या अवस्थेला फँकोनी संलक्षण म्हणतात. स्विस बालरोगतज्ज्ञ ग्विडो फँकोनी यांच्यावरून हे नाव पडले. परत घ्यायला हवे ते सगळे लघवीतून निसटू लागते. प्रत्येक गळतीची स्वतंत्र खूण असते.

- ग्लुकोज : रक्तातील साखर सामान्य असताना लघवीत साखर सापडते.
- फॉस्फेट : रक्तातील फॉस्फेट घटते. हे दीर्घकाळ चालले तर हाडांतील खनिज कमी होऊन ती मऊ पडतात, दुखतात, कधी बारीक भेगा जातात.
- बायकार्बोनेट : रक्ताची आम्लता वाढते आणि थकवा येतो.
- युरिक आम्ल : रक्तातील पातळी नेहमीपेक्षा खाली जाते.
- लहान आकाराची प्रथिने : बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, रेटिनॉलशी बांधणारे प्रथिन इत्यादी लघवीत येतात.

शेवटच्या खुणेबाबत एक तांत्रिक मुद्दा आहे. लघवीत बुडवायची पट्टी मुख्यतः अल्ब्युमिन ओळखते. नलिकेच्या इजेत अल्ब्युमिन कमी आणि इतर लहान प्रथिने जास्त असतात. म्हणून पट्टी जवळजवळ कोरी दिसली तरी लघवीतील एकूण प्रथिने वाढलेली असू शकतात. एकूण प्रथिने बरीच आणि त्यात अल्ब्युमिनचा वाटा थोडा, असे चित्र दिसले तर गाळणीपेक्षा नलिकेवर संशय घ्यावा.

पहिल्या खुणेबाबतही सावध राहा. मधुमेहासाठी दिले जाणारे डॅपाग्लिफ्लोझिन आणि त्याच्या गटातील औषधे मुद्दामच लघवीतून साखर बाहेर टाकतात. रुग्ण असे औषध घेत असेल, तर लघवीतील साखरेवरून नलिकेच्या इजेचा निष्कर्ष काढता येत नाही.

आता हा घटनाक्रम पाहा. समजा, पाच वर्षे टेनोफोविर घेणाऱ्या एका बाईंच्या मांड्या आणि कंबर दुखू लागली. त्या जवळच्या दवाखान्यात गेल्या. वय, काम, अशक्तपणा अशी कारणे धरून त्यांना डायक्लोफेनॅकच्या गोळ्या मिळाल्या. दुखण्याचे मूळ फॉस्फेटच्या गळतीत असेल, तर या गोळ्यांनी ते बरे होणार नाही. उलट मूत्रपिंडात शिरणारी रक्तवाहिनी सैल ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये डायक्लोफेनॅकमुळे कमी होतात, मूत्रपिंडाला रक्त कमी पोचते आणि आधीच अडचणीत असलेल्या नलिकेवर आणखी ताण येतो. टेनोफोविर घेणाऱ्या रुग्णांत अशी वेदनाशामके सुरू केल्यावर मूत्रपिंड अचानक बिघडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून एचआयव्हीचे उपचार घेणाऱ्याने हाडे दुखत असल्याची तक्रार केली, तर फॉस्फेट आणि लघवी तपासण्याचा विचार आधी यायला हवा.

४. डोल्युटेग्राव्हिर : इजेशिवाय वाढणारे क्रिएटिनिन

क्रिएटिनिन स्नायूंमध्ये सतत तयार होते. त्याचा मोठा भाग गाळणातून बाहेर पडतो, म्हणून त्याच्या रक्तातील पातळीवरून आपण गाळणाचा अंदाज बांधतो. पण त्याचा काही भाग स्रवणाने, म्हणजे वर सांगितलेल्या दुसऱ्या मार्गाने जातो. निरोगी माणसात हा वाटा साधारण १० ते २० टक्के असतो.

डोल्युटेग्राव्हिर ओसीटी२ हे दार अडवते. स्रवणाने जाणारे क्रिएटिनिन रक्तातच मागे राहते आणि त्याची पातळी डेसिलिटरमागे साधारण ०.१ ते ०.२ मिलिग्रॅमने वाढते. निरोगी स्वयंसेवकांना डोल्युटेग्राव्हिर देऊन आयोहेक्सॉल या पदार्थाच्या साहाय्याने त्यांचे गाळण थेट मोजले गेले. आयोहेक्सॉल फक्त गाळले जाते, त्याचे स्रवण होत नाही. या अभ्यासात क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाज १० टक्क्यांहून जास्त घटला, पण प्रत्यक्ष गाळण जसेच्या तसे राहिले. थोडक्यात, मूत्रपिंड बिघडले नव्हते, मोजपट्टी सरकली होती.

एचआयव्हीच्या उपचारांतील आणखी दोन औषधे हेच करतात. इतर औषधांची पातळी वाढवण्यासाठी दिले जाणारे कोबिसिस्टॅट मुख्यतः मेट१ हे दार अडवते. न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या कोट्रायमॉक्साझोलमधील ट्रायमेथोप्रिम दोन्ही दारांना अडथळा करते. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या नव्या रुग्णाला टीएलडी आणि कोट्रायमॉक्साझोल बरोबरच सुरू होतात. त्याचे क्रिएटिनिन पहिल्याच महिन्यात थोडे वाढलेले दिसले, तर हे कारण आठवायला हवे.

याच दारांमुळे एक खरी आंतरक्रियाही होते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन याच मार्गाने शरीराबाहेर जाते. डोल्युटेग्राव्हिरबरोबर घेतल्यास रक्तातील मेटफॉर्मिन बरेच वाढते, म्हणून अशा रुग्णांत मेटफॉर्मिनची मात्रा सहसा दिवसाला १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात.

५. एकच आकडा, वेगवेगळे अर्थ

क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढण्यासाठी कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये मांडलेले सूत्र औषधांच्या मात्रा ठरवताना आजही वापरतात.

क्रिएटिनिन निष्कासन = [(१४० − वय) × वजन किलोग्रॅममध्ये] ÷ [७२ × रक्तातील क्रिएटिनिन]

स्त्रियांसाठी येणाऱ्या उत्तराला ०.८५ ने गुणायचे. उत्तर मिलिलिटर प्रति मिनिट या एककात येते. आता तीन उदाहरणे सोडवू.

उदाहरण १ : पुरुष, वय ३०, वजन ७५ किलो, क्रिएटिनिन ०.९.
(११० × ७५) ÷ (७२ × ०.९) = ८२५० ÷ ६४.८ = सुमारे १२७.

उदाहरण २ : स्त्री, वय ५५, वजन ४० किलो, क्रिएटिनिन ०.९.
(८५ × ४०) ÷ (७२ × ०.९) = ३४०० ÷ ६४.८ = ५२.५, याला ०.८५ ने गुणून सुमारे ४५.

दोघांच्याही कागदावर ०.९ हाच आकडा आहे आणि प्रयोगशाळा दोघांपुढेही ‘सामान्य’ असेच लिहील. प्रत्यक्षात दुसऱ्या उदाहरणातील बाईंची कार्यक्षमता पहिल्याच्या निम्म्याहून कमी आहे. टेनोफोविरयुक्त एकत्रित गोळीसाठी सामान्यतः ५० ही खालची मर्यादा धरतात. त्या हिशेबाने ही गोळी त्यांना सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना पर्यायाचा विचार करावा लागेल. स्नायू कमी असलेल्या माणसात क्रिएटिनिनच कमी तयार होते, म्हणून मूत्रपिंड मंदावले तरी आकडा फारसा चढत नाही. उशिरा निदान झालेले, क्षयरोगाने खंगलेले, वजन खूप कमी असलेले रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत. त्यांच्या बाबतीत नुसता आकडा पाहून थांबू नये, सूत्र वापरावे.

उदाहरण ३ : पुरुष, वय ४०, वजन ६० किलो. टीएलडी सुरू करण्यापूर्वी क्रिएटिनिन ०.८, चार आठवड्यांनी ०.९५.
आधी : ६००० ÷ ५७.६ = सुमारे १०४. नंतर : ६००० ÷ ६८.४ = सुमारे ८८.

सूत्रानुसार १६ ची घट झाली. लघवी स्वच्छ आहे, फॉस्फेट सामान्य आहे, रुग्णाला त्रास नाही. हा डोल्युटेग्राव्हिरचा अपेक्षित परिणाम आहे. अशा वेळी चार ते आठ आठवड्यांनंतरचा आकडाच नवा पाया धरायचा आणि पुढच्या तपासण्यांची तुलना त्याच्याशी करायची.

खरी इजा आणि मोजपट्टीचे सरकणे यांत फरक करण्यासाठी चार प्रश्न उपयोगी पडतात.

- वाढ कधी झाली? डोल्युटेग्राव्हिरची वाढ पहिल्या काही आठवड्यांत होते. टेनोफोविरची इजा बहुधा काही महिने ते काही वर्षांनी दिसते.
- वाढ थांबली का? डोल्युटेग्राव्हिरचा आकडा एका पातळीवर स्थिरावतो. तपासणीगणिक तो चढतच असेल तर इजेचा संशय घ्यावा.
- लघवी आणि फॉस्फेट काय सांगतात? लघवीत साखर किंवा प्रथिने सापडली, रक्तातील फॉस्फेट घटले, तर कारण नलिकेत शोधावे.
- दुसरे काही कारण आहे का? जुलाब-उलट्यांनी पाणी कमी होणे, वेदनाशामके, भरपूर मांसाहार, व्यायामशाळेत घेतली जाणारी क्रिएटिनची पावडर यांनीही आकडा बदलतो.

शंका राहिलीच तर सिस्टॅटिन सी या प्रथिनाची तपासणी करता येते. त्याचा ओसीटी२ आणि मेट१ यांच्याशी संबंध नसल्याने डोल्युटेग्राव्हिरमुळे ते वाढत नाही. मात्र शरीरात दाह असेल तर त्याचीही पातळी बदलते, हे ध्यानात ठेवावे.

६. मूतखडे आणि स्फटिक

मूत्रपिंडाला त्रास होण्याचा आणखी एक, पूर्णपणे वेगळा प्रकार आहे. औषध लघवीत विरघळेनासे होते आणि त्याचेच स्फटिक बनतात. १९९६ मध्ये आलेले इंडिनाविर याचे ठळक उदाहरण. त्याच्या मात्रेचा जवळपास पाचवा हिस्सा न बदलता लघवीत येई आणि लघवी फार आम्लधर्मी नसली तर त्याचे खडे होत. रुग्णाला रोज किमान दीड लिटर पाणी पिण्यास सांगावे लागे. हे औषध आता वापरातून गेले आहे. आज दुसऱ्या टप्प्यातील उपचारांत वापरल्या जाणाऱ्या अटाझानाविरनेही काही रुग्णांत मूतखडे होतात. निव्वळ औषधाचे खडे साध्या क्ष-किरण चित्रात दिसत नाहीत, सीटी स्कॅनमध्येही निसटू शकतात. त्यामुळे पाठीपासून जांघेकडे जाणारी तीव्र कळ असेल, तर तपासणीत खडा दिसला नाही तरी औषधांची यादी पाहायला हवी.

अटाझानाविर रिटोनाविरसोबत देतात. ही जोडी रक्तातील टेनोफोविरची पातळीही वाढवते, त्यामुळे ती टेनोफोविरबरोबर चालू असेल तर देखरेख जास्त काटेकोर हवी.

७. धोका कोणाला आणि पर्याय कोणते?

टेनोफोविरच्या इजेचा धोका पुढील व्यक्तींत जास्त असतो : वय जास्त, वजन कमी, आधीपासून मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब, प्रतिकारशक्ती फार खालावलेली, आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकणारी इतर औषधे चालू असलेल्या. या इतर औषधांत वेदनाशामकांबरोबर औषधप्रतिरोधक क्षयरोगातील ॲमिकासिन आणि मेंदूच्या बुरशीजन्य आजारातील ॲम्फोटेरिसिन बी यांचाही समावेश होतो.

इजा दिसली तर डॉक्टर टेनोफोविर डायसोप्रॉक्सिल बदलतात. बहुतेक रुग्णांत पुढच्या काही महिन्यांत नलिका सुधारते, पण इजा जुनी असेल तर ती पूर्ण भरून येतेच असे नाही. वेळेवर ओळखण्याचे महत्त्व त्यामुळेच आहे.

एक पर्याय म्हणजे टेनोफोविर अलाफेनामाइड. हे रूप रक्तात टिकून राहते आणि मुख्यतः लिम्फोसाइट पेशींत गेल्यावर फुटते. त्यामुळे ३०० ऐवजी २५ मिलिग्रॅम मात्रा पुरते आणि रक्तातील मोकळे टेनोफोविर सुमारे ९० टक्के कमी राहते. नलिकेला औषध कमी भेटते, म्हणून इजाही कमी होते. मात्र या रूपात वजन आणि रक्तातील मेद थोडे जास्त वाढतात. दुसरा पर्याय अबाकाविर. ते मूत्रपिंडाला त्रास देत नाही, पण एचएलए-बी५७:०१ ही जनुकीय खूण असलेल्यांत त्याची तीव्र ॲलर्जी होऊ शकते. रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल तर प्रश्न आणखी बदलतो. टेनोफोविर त्या विषाणूलाही रोखून धरते, अबाकाविर रोखत नाही. अशा रुग्णाचे टेनोफोविर विचार न करता काढले, तर यकृताचा दाह उफाळू शकतो.

टीएलडीमधील तिसरे औषध, लॅमिव्ह्युडिन, मूत्रपिंडाला इजा करत नाही, पण मूत्रपिंडातूनच बाहेर पडते. कार्यक्षमता फार घटली तर त्याची मात्रा कमी करण्याचा विचार करावा लागतो. एकत्रित गोळीत एकाच औषधाची मात्रा बदलता येत नाही, म्हणून तेव्हा औषधे सुटी द्यावी लागतात.

८. ‘किडनी खराब होईल’ म्हणून गोळी बंद करावी का?

एआरटी केंद्रातील समुपदेशकांना हा प्रश्न ऐकावा लागतो. त्याचे उत्तर स्पष्ट आहे : स्वतःहून नाही.

एचआयव्हीला मोकळे सोडले तर तो स्वतःच मूत्रपिंड बिघडवतो. एचआयव्हीमुळे होणाऱ्या विशिष्ट मूत्रपिंडरोगाचे वर्णन १९८४ पासून वैद्यकीय साहित्यात आहे. त्यात केशवाहिन्यांचा गुच्छ कोसळतो आणि लघवीतून प्रथिने मोठ्या प्रमाणात जातात. एपीओएल१ या जनुकाचे काही प्रकार असलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांत तो जास्त आढळतो. एआरटी सुरू झाल्यापासून त्याचे प्रमाण घटले, म्हणजे औषधाने मूत्रपिंड वाचवले.

औषध थांबवण्याचा प्रयोगही झालेला आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ५,४७२ जण सहभागी होते. काहींना औषध सतत दिले, तर काहींचे प्रतिकारपेशींची संख्या पाहून मधूनमधून थांबवले. औषधाला विश्रांती दिल्यास दुष्परिणाम कमी होतील, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. औषध थांबवलेल्या गटात संधिसाधू संसर्ग आणि मृत्यू अडीच पटींहून जास्त झाले. हृदय, यकृत आणि मूत्रपिंड यांचे गंभीर आजारही त्याच गटात जास्त आढळले.

म्हणून रुग्णाला सांगायचे ते असे : गोळी चालू ठेवा, तपासणी चुकवू नका, अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नका, दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात गेलात तर चालू औषधांची माहिती द्या. गोळी बदलायची असेल तर ती एआरटी केंद्रातील डॉक्टर बदलतील, आणि बदलताना जुन्याच्या जागी लगेच नवी देतील.

सारांश

- टेनोफोविर ओएटी१–एमआरपी४ मार्गाने निकटस्थ नलिकेच्या पेशीतून जाते. ते साठले तर तंतुकणिका बिघडतात आणि नलिका गळू लागते.
- डोल्युटेग्राव्हिर ओसीटी२ अडवून क्रिएटिनिनचे स्रवण रोखते. आकडा वाढतो, पण गाळण बदलत नाही.
- ‘सामान्य’ क्रिएटिनिनमागे मंदावलेले मूत्रपिंड असू शकते आणि वाढलेल्या क्रिएटिनिनमागे निरोगी मूत्रपिंड असू शकते. वय, वजन, कालक्रम, लघवी आणि फॉस्फेट यांच्यासह आकडा वाचावा.
- इजा वेळेवर ओळखली तर पर्याय उपलब्ध आहेत. उपचार थांबवणे हा त्यांतला पर्याय नाही.

स्वाध्याय

१. टेनोफोविर आणि क्रिएटिनिन यांचे नलिकेतील मार्ग आकृती काढून दाखवा. प्रोबेनेसिड आणि ट्रायमेथोप्रिम कोणत्या मार्गाला अडथळा करतात, ते त्याच आकृतीत लिहा.

२. पुरुष, वय ६२, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.०. क्रिएटिनिन निष्कासन काढा. (उत्तर : ५२) हाच रुग्ण गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक घेत असेल, तर तुम्हाला काळजी का वाटेल?

३. एका रुग्णाच्या लघवीत साखर आहे, रक्तातील साखर सामान्य आहे. नलिकेला इजा झाली असे म्हणण्यापूर्वी तुम्ही कोणती दोन माहिती विचाराल?

४. टीएलडी सुरू केल्यावर एका महिन्यात क्रिएटिनिन ०.७ वरून ०.८५ झाले आणि पुढचे वर्षभर तेवढेच राहिले. दुसऱ्या रुग्णात ते दर सहा महिन्यांनी ०.८, १.०, १.३ असे चढत गेले. दोघांतील फरक कारणांसह लिहा.